लाइट कुणाची घ्यायची? मुंबईतल्या एका निवडीचा इतिहास

मागच्या खेपेला आपण मुंबईच्या पाण्याबद्दल बोललो. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, सर, आता विजेवर बोला. तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. आमचा विषय तत्त्वज्ञान, इतिहासाच्या घरात आम्ही पाहुणे. पण मध्यंतरी आमच्यावरच एक प्रसंग आला आणि त्या निमित्तानं थोडं वाचन झालं. ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

दादरला चाळीस वर्षं काढल्यावर गेल्या वर्षी आम्ही दोघं गोरेगावला राहायला आलो. लेक तिथं जवळच राहते आणि आता जिने चढणं होत नाही. इमारत वीसेक वर्षांची, घर मात्र आमच्यासाठी नवं. पुस्तकांची खोकी अजून फोडलीही नव्हती, तोच सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "सर, मीटर अजून आधीच्या मालकांच्या नावावर आहे, तो तुमच्या नावावर करून घ्या. आणि लाइट कुणाची ठेवणार? अदानीची की टाटाची?"

आम्ही गप्प. चाळीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. दादरला लाइट म्हणजे बेस्ट. पाऊस कोणत्या कंपनीचा हवा, असं कुणी विचारतं का? आमच्या सौभाग्यवतींनी लगेच विचारलं, "स्वस्त कुठली?" सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ते तुम्ही किती युनिट जाळता त्यावर आहे." आमच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. हा प्रश्न गोरेगावला का विचारतात आणि दादरला का विचारत नाहीत? मुलुंडला आमचे एक जुने सहकारी राहतात, त्यांनाही तो कधी कुणी विचारला नाही. तिथं महावितरण. एकच शहर, एकच महापालिका, आणि एका बाजूला निवड आहे तर दुसऱ्या बाजूला नाही. हे कुठून आलं?

याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा पेटला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. तो प्रयोग फसला आणि दिवे लावणारी कंपनी वर्षभरातच गुंडाळली गेली. रस्त्यांवर तेव्हा गॅसचे दिवे होते आणि बहुतेक घरांत रॉकेल. वीज खऱ्या अर्थानं आली ती ट्रामच्या मागोमाग. घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून धावत होत्या आणि त्या विजेवर चालवायच्या होत्या. १९०५ मध्ये महापालिका, जुनी ट्राम कंपनी आणि लंडनची ब्रश कंपनी यांच्यात करार झाला आणि 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी उभी राहिली. आपली बेस्ट ती हीच. त्याच वर्षी वाडीबंदरला तिचं वीजघर सुरू झालं आणि मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. म्हणजे घरगुती ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून ही व्यवस्था जन्माला आलेली नाही. ट्रामसाठी वीज करायची होती, उरली ती दुकानांना आणि बंगल्यांना विकली. कोणत्या भागात विकायची? जिथपर्यंत करार होता तिथपर्यंत. त्या काळचं मुंबई शहर माहीम आणि शीवला संपत होतं, तिथंच बेस्टही संपली. आजही तिथंच संपते. माहीमच्या खाडीचा पूल ओलांडला की लाइट बिलाचा कागद बदलतो. ही रेघ आखणाऱ्यांपैकी आज कुणीही हयात नाही, पण रेघ जागच्या जागी आहे.

पुढं ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेनं ही कंपनी ताब्यात घेतली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता दुसरा धागा. बेस्टची वीज कोळशावर होती आणि गिरण्याही वाफेवर, म्हणजे कोळशावरच. कोळसा लांबून यायचा आणि महाग पडायचा. त्यावर टाटांनी उपाय शोधला तो सह्याद्रीचा. लोणावळ्याच्या आसपास प्रचंड पाऊस पडतो आणि ते पाणी पूर्वेला वाहत भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. ते अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं तर पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून कोसळेल. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. १९०७ मध्ये परवाना मिळाला, १९१० मध्ये कंपनी झाली, १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू. मग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. गिरण्यांची धुरांडी हळूहळू थंड झाली. १९२० च्या दशकात तर बेस्टनं स्वतः वीज करणंच बंद केलं आणि टाटांकडून घाऊक विकत घेऊन शहरात विकू लागली. लक्षात घ्या, बिल बेस्टचं पण वीज टाटांची, हे तेव्हापासून आहे.

इथं थोडं थांबायला हवं. भिऱ्याचं पाणी कुठून येतं? मुळशीहून. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण, आणि त्याच्या पाण्याखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावं. सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा एका खाजगी कंपनीसाठी वापरला. जमिनीत चाचणीचे खड्डे खणायला माणसं आली तेव्हा कुठं गावकऱ्यांना कळलं की आपली भातखाचरं जाणार. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यात पुढं होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. 'जान किंवा जमीन' ही मावळ्यांची घोषणा.

शाळेत आम्ही हा धडा इंग्रजांविरुद्धचा लढा म्हणून शिकलो, तुम्हीही तसाच शिकला असाल. पण तो तितका सरळ नाही. समोर कंपनी होती ती देशी, आणि देशी उद्योगाचा सगळ्यांना अभिमान. त्यामुळं पुण्यातल्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. शिवाय मुळशी खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हातात होत्या. सावकाराला भरपाईची रक्कम परवडत होती, कारण जमीन गेली तर हातात रोकड येत होती. खाचरात राबणाऱ्या मावळ्याला ती परवडणारी नव्हती, कारण त्याच्याकडं जमिनीखेरीज काहीच नव्हतं. भरपाई वाढवून मिळताच एक गट शांत झाला आणि लढा विरत गेला. बापटांनी १९२४ च्या डिसेंबरात मजुरांची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण व्हायचं ते झालंच.

तुम्ही म्हणाल, सर, लाइट बिलाच्या गोष्टीत हे कशाला? सांगतो. पुढं आपण ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याबद्दल बरंच बोलणार आहोत. तो शब्द उच्चारायच्या आधी आम्हाला हे सांगून टाकायचं होतं की या शहरात वीज आली तेव्हा ज्यांना निवड विचारायलाच हवी होती, त्यांना कुणी विचारलं नाही. खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून आज ४४७ मेगावॅट होतात. मुंबईच्या एकूण भुकेत हा वाटा आता मोठा नाही, पण ती वीज अजून येते आहे.

आता तिसरा धागा, उपनगरं. वांद्र्यापासून पुढं तेव्हा वाड्या, खेडी, मिठागरं. तिथं १९२९ मध्ये 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' कंपनी स्थापन झाली, म्हणजे जुन्या लोकांची बीएसईएस. तीही वीज टाटांकडूनच घ्यायची. डहाणूचं स्वतःचं केंद्र तिला मिळालं ते १९९५ मध्ये. मग कंपनी रिलायन्सकडं गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडं. गोरेगावला राहणाऱ्या माणसानं काहीही न करता आयुष्यात तीन कंपन्यांची बिलं भरली. आमच्या लेकीच्या सासूबाई आजही 'बीएसईएसचं बिल' असंच म्हणतात. आणि भांडुप-मुलुंडचा भाग या कंपनीकडं न येता राज्य वीज मंडळाकडं गेला. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले, त्यातलं वितरण ते महावितरण. म्हणून आमच्या मुलुंडच्या मित्राला कुणी काही विचारत नाही.

असे हे तीन-चार संसार शेजारी-शेजारी चालले होते. टाटा घाऊक, बाकीचे किरकोळ. सगळ्यांना वाटत होतं की हे असंच असतं. पण कायद्यात एक वाक्य पडून होतं. १९१० च्या वीज कायद्यात असं कलम होतं की एखाद्या क्षेत्रात एकाला परवाना दिला म्हणून त्याच क्षेत्रात त्याच कामासाठी दुसऱ्याला परवाना देण्यात आडकाठी येणार नाही. म्हणजे कागदावर मक्तेदारी कधीच नव्हती! आम्हाला हे वाचून गंमत वाटली. शंभर वर्षं लोक जिला निसर्गनियम समजत होते ती निव्वळ सवय होती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ह्यूम शिकवायचो, तेव्हा हे उदाहरण हाताशी असतं तर बरं झालं असतं.

२००३ मध्ये नवा वीज कायदा आला. त्यानं समांतर परवान्याची वाट कायम ठेवली आणि शिवाय एकाच्या तारांवरून दुसऱ्याची वीज नेण्याची सोय केली. मग प्रश्न कोर्टात गेला. टाटांच्या जुन्या परवान्यांत, १९०७ च्या, १९१९ च्या, १९२१ च्या आणि १९५३ च्या, थेट घरगुती ग्राहकाला वीज विकायची मुभा आहे का? उपनगरातली कंपनी म्हणाली, नाही, ते फक्त घाऊक. अपील न्यायाधिकरणानंही तसंच मानलं. पण ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयानं उलट निकाल दिला. टाटा लहानमोठ्या कोणत्याही ग्राहकाला वीज देऊ शकतात. बघा, गिरण्या आणि धुरांडी समोर ठेवून लिहिलेल्या कागदांचा अर्थ २००८ मध्ये लावला गेला, तेव्हा त्यातल्या बहुतेक गिरण्या शिल्लक नव्हत्या.

मग १५ ऑक्टोबर २००९ ला राज्य वीज नियामक आयोगानं पद्धत घालून दिली. ग्राहक जागचा हलणार नाही, तारही हलणार नाही. तार पहिल्या कंपनीची, वीज दुसऱ्या कंपनीची. तार वापरल्याबद्दल तारवाल्याला 'वहन आकार' आणि विजेबद्दल वीजवाल्याला 'वीज आकार'. हे दोन शब्द तुमच्या बिलावर आहेत, घरी जाऊन बघा. रिलायन्सला तेव्हा बरीच वीज बाहेरून महागात घ्यावी लागत होती, त्यामुळं टाटांचे दर कमी दिसत होते. लोक निघाले. दोन-तीन वर्षांत लाखाहून अधिक ग्राहक इकडून तिकडं गेले.

आणि इथं खरा पेच सुरू झाला. विजेचे दर पायऱ्यांनी असतात. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. वरच्या पायरीवरचा माणूस, म्हणजे ज्याच्या घरी तीन एसी, तो खर्चाहून जास्त देतो आणि खालच्या पायरीवरचा, एक पंखा नि दोन दिव्यांचा, खर्चाहून कमी देतो. हे मुद्दाम केलेलं आहे. आता सांगा, कंपनी बदलायला आधी कोण धावणार? अर्थात तीन एसीवाला. फायदा त्याचा. त्याला फॉर्म वाचता येतो, कुणाला विचारायचं ते माहीत असतं. तो गेला की मागं राहिलेल्यांवरचा भार वाढतो. चाळीतल्या बाईनं काहीच निवडलं नाही, आणि न निवडण्याचं बिल तिला आलं.

आयोगाच्या लक्षात हे आलं. २०११ मध्ये गेलेल्या ग्राहकांवर अधिभार बसवला, की बाबांनो, जाताना आपला वाटा ठेवून जा. २०१२ मध्ये तर टाटांना सांगितलं की तूर्त तीनशे युनिटपर्यंतचेच ग्राहक घ्यायचे. म्हणजे मोठे मासे टिपायचे नाहीत. ही बंधनंही पुढं अपिलात गेली आणि नियम नंतर अनेकदा बदलले. तो सगळा तपशील सांगत नाही, रात्र होईल. पण आमचं मत विचाराल तर आयोगाच्या त्या वेळच्या धडपडीबद्दल आम्हाला आदर वाटतो. मोठ्या ग्राहकांना ते अन्याय्य वाटलं आणि त्यांचंही सर्वस्वी चुकत नव्हतं. इतकी वर्षं जास्त भरलं, आता मोकळं होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना न्याय दिसतो तिथंच माणसाची परीक्षा असते.

मग दादरचं काय? तिथं हा प्रश्न का नाही? आता १९४७ ची ती तारीख आठवा. बेस्ट महापालिकेची झाली, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची. २००३ च्या कायद्यानं अशा जुन्या संस्थांवर आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती केलेली नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेस्टच्या क्षेत्रातही टाटांना ग्राहक घेता येतील असं म्हटलं, पण यायचं तर स्वतःची केबल टाकून. दादरचे रस्ते किती वेळा खणायचे? म्हणून तिथं निवड कायद्यात आहे, भिंतीतल्या खोक्यात नाही.

आमचा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. तिथं १९९० च्या दशकाच्या शेवटापासून घरगुती ग्राहकाला वीज-गॅसचा विक्रेता निवडता येतो. तारा एकाच कंपनीच्या, विक्रेते अनेक. नव्या घरात गेलं की आधीच्या माणसाचा जो विक्रेता तोच आपोआप तुमचा होतो, आणि तो दर बहुधा महाग असतो. म्हणून पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा आणि मग दर शोधत बसायचं. तो म्हणाला, काका, २०२१ मध्ये गॅस इतका महागला की लहान विक्रेते धडाधड बुडाले. त्याचाही बुडाला. दिवे मात्र गेले नाहीत, नियामकानं त्याला दुसऱ्याकडं सोपवलं. आम्ही म्हटलं, म्हणजे शेवटी तुझ्यासाठी दुसऱ्यानंच निवडलं की!

आपल्याकडं हा विषय संपलेला नाही. २०२२ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, एकाच तारेवर अनेक विक्रेते असावेत म्हणून, आणि ते स्थायी समितीकडं गेलं. त्याच सुमारास ठाणे-नवी मुंबई भागात महावितरणच्या क्षेत्रात समांतर परवान्याची मागणी झाली. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध संप पुकारला आणि सरकारशी बोलणी झाल्यावर तो त्याच दिवशी मागं घेतला. त्यांचा मुद्दा तोच होता, चांगले ग्राहक निवडून नेले तर शेतीपंपांचा आणि खेड्यांचा भार कुणी उचलायचा. संप म्हटला की शहरी माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात, आमच्याही पडल्या. पण प्रश्न खोटा नव्हता.

इतकं झाल्यावर आमची गोष्ट पुरी करतो. मध्ययुगातल्या युरोपात बुरिदाँ नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या नावावर एक गाढव खपतं, जे गवताच्या दोन सारख्याच गंजींमध्ये उभं राहून, कुठली खावी हे न ठरल्यानं उपाशी मेलं. त्याच्या ग्रंथांत मात्र ते गाढव सापडत नाही. विजेच्या बाबतीत गंजी खरोखरच सारख्या आहेत. तारेतून येणारा प्रवाह एकाचा की दुसऱ्याचा हे पंख्याला कळत नाही. सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते, आपण निवडतो तो हिशेब.

आम्ही मागच्या मालकाची बारा महिन्यांची बिलं काढून युनिट मोजले आणि आपण कोणत्या पायरीवर बसू ते पाहिलं. दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवली, त्यात नुसता वीज आकार बघून चालत नाही, स्थिर आकार आणि वहन आकार धरून बेरीज करावी लागते. हे करताना कळलं की आधीच्या मालकांनी शेवटची तीन बिलं भरलेलीच नाहीत. घर घेताना दलालानं सगळं चुकतं आहे म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही पावती मागितली नव्हती. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली आणि पुरावा मागायचं सुचलं नाही! नियम असा की जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं आहे, मात्र महाराष्ट्रात नव्या माणसाकडून सहा महिन्यांपुरतीच मागता येते. आम्ही भरली, नंतर त्या गृहस्थांनी निम्मे दिले, उरलेले अजून यायचे आहेत.

*(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)*

प्रश्न : सर, मग शेवटी तुम्ही लाइट कुणाची घेतली ते सांगितलंच नाही.

उत्तर : आहे तीच ठेवली हो. आम्ही सेक्रेटरींना विचारलं, अहो, आमच्या इमारतीतल्या कुणी कधी बदलली का? ते म्हणाले, "सातव्या मजल्यावरच्या शहांनी बदलली होती, २०१० मध्ये. चार एसी आहेत त्यांच्याकडं." आणि आमच्या दादरच्या घरी आता भाडेकरू आहेत. त्यांचा परवाच फोन आला होता की काका, मीटर आमच्या नावावर करून द्या. त्यांना आम्ही आधी भरलेल्या बिलाच्या पावत्या दाखवल्या, मग अर्जावर सही केली. बोला, पुढचा प्रश्न?